दोन गावांमधलं पाणी

वसीला : हे इथून हलवा, भावजी. चार वाजता समोरच्या मंडपात दोन्ही गावांचे नगराध्यक्ष बसणार आहेत. त्यांच्या डोळ्यांसमोर फुटक्या गाडग्यांचा ढीग बरा दिसेल का?

हमादी : ढीग माझ्या सामानाच्या खोलीच्या दारात आहे, वहिनी. मंडप तुम्ही माझ्या दारासमोर आणलात.

वसीला : दोन गावांच्या मैत्रीच्या सोहळ्याचा मंडप दर वर्षी इथेच असतो. अठरा वर्षं झाली.

हमादी : आणि दर वर्षी त्याचे दोर मी बांधून देतो. यंदा दुसऱ्या कुणाकडून बांधून घ्या.

वसीला : ऐका तरी. समुद्रापलीकडचे पाहुणे दहालाच उतरले. नगरपालिकेपाशी बस उभी आहे. नेमून दिल्याप्रमाणे ज्याने त्याने आपापला पाहुणा घरी नेला. एकटे गास्पारे बाकावर बसून आहेत. अठरा वर्षं ज्या घरी उतरले, त्या घरचं कुणी न्यायला आलं नाही. समितीची अध्यक्ष मी. मी काय सांगायचं त्यांना?

हमादी : सांगा, हमादी गाडगी निवडतोय. तीनशेवीस सोडली होती पाण्यात. एकसष्ट धड निघाली.

वसीला : नुकसान झालंय, मी कुठे नाही म्हणते?

हमादी : नुकसान वादळाने होतं. हे कुणीतरी केलंय. परवा पहाटे पाण्यात गेलो तर मासे अडवायची खजुराच्या झापांची कुंपणं सगळी आडवी. बाबांच्या वेळेपासून ती कुंपणं त्याच जागी उभी होती. ऑक्टोपस धरायची गाडगी दोरासकट ओढत नेलेली आणि खडकावर आपटून फोडलेली. तळाचं गवत मुळासकट वर येऊन तरंगत होतं, जसं कुणी शेत उपटून टाकावं. आपल्या गावात आहे का कुणाकडे असं तळ खरवडणारं जाळं?

वसीला : दक्षिणेकडचे ट्रॉलर येतात की. बंदी आहे तरी येतात. सगळ्या बंदराला ठाऊक आहे.

हमादी : मत्स्य-कार्यालयात शाजलीही हेच म्हणाला. कॉफी पाजली मला त्याने. म्हणाला, दक्षिणवाल्यांचंच काम, नाव माहीत नाही, नंबर माहीत नाही, मी लिहू काय? मग मी हा तुकडा त्याच्या टेबलावर ठेवला. माझ्या दोरात अडकून फाटून राहिलेला, त्यांच्या जाळ्याचा. घ्या, तुम्हीही बघा.

वसीला : मला गाठींतलं काय कळतं?

हमादी : ताहरची बायको आहात तुम्ही. एवढंही कळत नाही?

वसीला : ताहरला यात आणू नका.

हमादी : मी नाही आणलं, त्या गाठीने आणलं. आमची बोट उलटली, ताहरदादा गेला, मला गास्पारेकाकांनी ओढून वर घेतलं आणि त्यांच्या गावी नेलं. दादाच्या मृत्यूचे कागद होईपर्यंत नऊ दिवस मी त्यांच्या माडीवर होतो. झोप लागत नव्हती. डोळे मिटले की पाणी. म्हाताऱ्याने माझ्या मांडीवर जाळं टाकलं आणि सांगितलं, हात चालव. डावीकडून दोन वेढे, मग एक उलटा, मग ओढून घ्यायचं. त्यांच्या आजोबांची गाठ आहे ही. त्यांच्या पोर्तो रुवेल्लोच्या अख्ख्या बंदरात दुसरं कुणी अशी मारत नाही. नऊ दिवसांत मी हजारभर मारल्या असतील. अंधारात हात लावूनही ओळखेन.

वसीला : म्हणजे गास्पारेंनीच...

हमादी : काका पाच वर्षांत समुद्रावर गेलेले नाहीत. जहाज रोक्को चालवतो, त्यांचा मुलगा. जाळं मात्र म्हातारा अजून घरी बसून विणतो.

वसीला : हे तुम्ही शाजलीला सांगितलंत?

हमादी : सांगितलं. हसला. गाठ बघून तक्रार लिहून घेता येत नाही म्हणाला. जाळं कुणाचं ते शपथेवर सांगणारा माणूस आणा. तक्रारीचा कोरा छापील कागद दिला हातात. तिसऱ्या दिवशी एकपर्यंत भरून आणला तर ठीक, नाहीतर विषय संपला. तिसरा दिवस आज.

वसीला : आता अकरा वाजून गेले. मग सोडून द्या ना. कुंपणं पुन्हा उभी करू. समितीतर्फे मी दहा माणसं देते. झापा देते.

हमादी : आणि पुढच्या महिन्यात तो पुन्हा आला तर?

वसीला : भावजी, मी तुम्हाला सरळच सांगते. अशी तक्रार गेली तर तिकडे रोक्कोचा परवाना जाणार. तिकडचे ट्रॉलरवाले त्यांच्या नगराध्यक्षांच्या मानगुटीवर बसणार. मग सगळ्यांत आधी काय बंद होईल, सांगू? ऑक्टोबरात आपल्या शाळेच्या बारा मुली तिकडच्या नौका-विद्यालयात तीन आठवडे जायच्यात. अकरा महिने मी वकिलातीच्या खेपा घातल्या. प्रत्येक मुलीच्या बापासमोर बसून होकार काढला. त्या यादीत सातवं नाव तुमच्या यामिनाचं आहे.

हमादी : माहीत आहे.

वसीला : रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसते ती. इटालियनमध्ये होकायंत्राचे भाग पाठ करते. तिला तुम्ही काय सांगणार?

हमादी : आणि नाही केली तक्रार, तर काय सांगू? बापाने समुद्र देऊन तुझा व्हिसा आणला? शिकून येईल ती बोट चालवायला. चालवेल कुठे? खाली नुसती वाळू उरल्यावर?

वसीला : तुम्हाला शब्द सापडतात, भावजी. मला माणसं सांभाळायची असतात. त्या गावाने आपल्या दवाखान्याला यंत्रं दिली. त्यांची माणसं आपल्या घरात जेवतात, आपली त्यांच्या घरात. हे अठरा वर्षांचं एका जाळ्याच्या तुकड्यासाठी मोडायचं?

हमादी : मी मोडतोय?

वसीला : मग चार वाजता तुम्ही काय करणार आहात ते तरी सांगा. तुमची बायको म्हणाली, तुम्ही नवा शर्ट काढून ठेवलाय. जो माणूस यायचंच नाही म्हणतो तो नवा शर्ट कशाला काढेल?

हमादी : नाजियाला बोलल्याशिवाय राहवत नाही.

वसीला : सांगा.

हमादी : गास्पारेकाकांना शाल घालायला बोलावतील ना, तेव्हा मीही वर जाणार. हा तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवणार आणि विचारणार, काका, ही गाठ कुणाची? बाकी काही नाही. आवाजसुद्धा चढवणार नाही.

वसीला : बहात्तर वर्षांच्या माणसाला? दोन गावांसमोर? ज्याने तुम्हाला मरणातून काढलं त्याला?

हमादी : काढलं. रोज नमाजानंतर त्यांचं नाव घेतो मी, तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून काय त्यांच्या मुलाने मला परत बुडवायचं?

वसीला : अहो, त्यात म्हाताऱ्याचा काय दोष? रोक्को कुठे ऐकतो बापाचं? कानीकपाळी ओरडून सांगितलं तरी तो निघायचा तेव्हा निघतोच.

हमादी : हे तुम्हाला काय माहीत?

वसीला : काय?

हमादी : रोक्कोला बापाने कानीकपाळी ओरडून सांगितलं. हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही तर म्हणत होतात, दक्षिणेचे ट्रॉलर.

वसीला : मी आपलं सगळ्याच मुलांबद्दल म्हटलं. हल्लीची मुलं ऐकतात का?

हमादी : वहिनी, तुम्ही शाळेत शिकवता. खोटं बोलणारी मुलं कशी दिसतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

(दारात गास्पारे. हातात कापडी पिशवी, बूट धुळीने भरलेले.)

गास्पारे : मी चालत आला. कोणी घ्यायला नाही आला, पण वाट मला माहीत. हमादी, तू आजारी?

हमादी : नाही. बसा, काका. पेटीवर बसा, खुर्चीचा पाय मोडलाय.

गास्पारे : वसीला पण इथे. चांगला. बाहेर ती गाडगी... ते सगळा तुझा?

हमादी : माझं.

गास्पारे : आणि कुंपण?

हमादी : कुंपणं नाहीत आता.

गास्पारे : तो तुकडा दे. दे मला. चष्मा नको, हात पुरतो.

वसीला : गास्पारे, तुम्ही दमला असाल. आधी घरी जाऊ, हात-पाय धुवा, मग...

गास्पारे : थांब. कधी झाला हा?

हमादी : परवा पहाटे.

गास्पारे : परवा. मग मला समजत नाही. तू सगळा तसाच का ठेवला? दोर, गाडगी, सगळा तिथेच? मी तुला सांगितला होता ना, काढ म्हणून.

हमादी : कधी सांगितलं?

गास्पारे : पत्र. महिना झाला. तुला इटालियन वाचता येत नाही, म्हणून वसीलाच्या नावाने घातला. वर लिहिला, हमादीला वाचून दाखव, लवकर. वसीला, तू नाही दाखवला?

हमादी : काय लिहिलं होतं त्यात, काका?

गास्पारे : ती नाही सांगितली?

हमादी : तुम्ही सांगा.

गास्पारे : लिहिला की रोक्को रात्री पेटी बंद करतो. जहाज कुठे आहे ते दाखवणारी पेटी. बंद करतो आणि तुमच्या उथळ पाण्यात येतो. आमच्या बाजूला मासा नाही आता. का नाही? आम्ही तीस वर्षं तळ ओढला, म्हणून. मीसुद्धा ओढला, मी साधू नाही. पण इथे कधी नाही. मी त्याला बोलला, तिथे हमादी आहे. तो बोलला, पाण्यावर कोणाचा नाव लिहिला नाही. दोन दिवस मी जेवला नाही. मग पत्र लिहिला.

हमादी : वहिनी.

वसीला : हो.

हमादी : आलं होतं?

वसीला : आलं होतं. ज्या दिवशी वकिलातीतून मुलींची मंजुरी आली, त्याच दिवशी. पोस्टमनने दोन्ही पाकिटं एकदम दिली. मंजुरीचं आधी उघडलं. शाळेत नेऊन सगळ्यांना दाखवलं, मुली नाचल्या. संध्याकाळी दुसरं उघडलं.

हमादी : आणि?

वसीला : टेबलाच्या खणात ठेवलं.

हमादी : महिनाभर.

वसीला : तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही बंदरभर सांगितलं असतं. बंदराने पाहुण्यांना उतरू दिलं नसतं. मी ठरवलं, सोहळा होऊ दे, मुली जाऊन येऊ देत, मग सांगू. तो इतक्यात येणार नाही असा हिशोब मी मनाशी केला.

हमादी : सगळं उचलून आत आणायला मला पंधरा दिवस पुरले असते. गाडगी घरामागे रचली असती. रोज सकाळी मी तुमच्या दारावरून जातो. तुम्ही खिडकीतून विचारता, भावजी, काल काय मिळालं? या महिन्यातही विचारलंत. रोज.

वसीला : विचारलं.

हमादी : घशातून शब्द कसा निघाला?

वसीला : दर वेळी वाटायचं, आज सांगते. मग तुम्ही पुढे निघून जायचात. परवा नाजिया रडत आली आणि मी तिला पाणी दिलं. तेव्हाही बोलले नाही.

गास्पारे : मी वाईट माणसाला पत्र दिला?

हमादी : नाही, काका. त्या वाईट नाहीत. तेच तर अवघड झालंय.

गास्पारे : भांडण नंतर करा. वेळ किती?

हमादी : साडेअकरा होतील. का?

गास्पारे : रस्त्यात तुझा शेजारी भेटला, जाळीवाला. तो बोलला, हमादीला साक्षीदार पाहिजे, एक वाजेपर्यंत. जाळं कोणाचा ते सांगणारा. मला सांगता येतो. मी विणला.

वसीला : गास्पारे, नीट समजून घ्या. हा गप्पांतला साक्षीदार नव्हे. कागद इथून राजधानीला जातो, तिथून तुमच्या देशात. रोक्कोचा परवाना जाईल. जहाज अडकवून ठेवतील. कदाचित परत मिळणारही नाही.

गास्पारे : जहाजावर माझ्या बायकोचा नाव आहे. मी रंगवला.

वसीला : म्हणूनच सांगते.

हमादी : काका, घाई करू नका. तुम्हाला सगळं ठाऊक नाही. मी आज चार वाजता तुम्हाला मंडपात उभं करणार होतो. सगळ्यांसमोर विचारणार होतो. दोन दिवस मनात तेच घोकत होतो, आणि बरं वाटत होतं मला.

गास्पारे : विचारला असता तर मी उत्तर दिला असता.

हमादी : घरी कसे जाल?

गास्पारे : बसने. मग बोटीने.

हमादी : मी काय म्हणतोय ते कळलंय तुम्हाला. रोक्कोच्या घरात राहता तुम्ही. त्याची बायको तुम्हाला वाढते. नातवंडं तिथे आहेत.

गास्पारे : हो. दोन नातू. मोठा विचारतो, आजोबा, समुद्रात आधी खूप मासा होता, खरा का? मी बोलतो, खरा. तो बोलतो, मग कुठे गेला? पाच वर्षं मी बोलतो, मला माहीत नाही. हमादी, रोक्को वाईट नाही. तो घाबरलेला आहे. घाबरलेला माणूस दुसऱ्याचं ताट ओढतो. पण ओढला तो ओढला. कागद कुठे?

हमादी : माझ्या खिशात आहे. पण अरबीत आहे.

वसीला : द्या इकडे. मी भरते.

हमादी : तुम्ही?

वसीला : इथे तिघांत दोन्ही भाषा लिहिता येणारी मीच आहे.

हमादी : एक कागद दिला होता तुमच्याकडे. खणात राहिला.

वसीला : मी एकेक ओळ मोठ्याने वाचते, तुम्ही ऐका. उत्तर काय लिहिलं तेही वाचून दाखवते. भरून झाला की तुम्ही स्वतः खिशात घाला आणि शाजलीच्या हातात द्या. मला हात लावू देऊ नका.

हमादी : आणि ऑक्टोबर?

वसीला : मुलींना मीच सांगेन. बाराही जणींना, त्यांच्या आईबापांसमोर. यामिनाला आधी. आणि चार वाजता स्वागताच्या भाषणाऐवजी ते पत्र वाचणार आहे. आधी इटालियनमध्ये, मग आपल्या भाषेत. महिनाभर कुठे होतं तेही सांगणार.

हमादी : अध्यक्षपद काढून घेतील तुमचं.

वसीला : घेऊ देत.

हमादी : मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका, वहिनी.

वसीला : नाही समजत.

हमादी : घ्या कागद. पेन माझ्याकडे नाही.

वसीला : माझ्याकडे आहे. या पेटीवर ठेवून लिहिते. साक्षीदाराचं पूर्ण नाव.

गास्पारे : गास्पारे कालामिया. बापाचा नाव पण लागतो?

वसीला : लागतं.

गास्पारे : लिओनार्दो. तोही मच्छीमार.

वसीला : गास्पारे, लिओनार्दोचा मुलगा, आडनाव कालामिया. लिहिलं. वय, बहात्तर. व्यवसाय?

गास्पारे : जाळं विणतो.

वसीला : जाळी विणणारा. राहणार पोर्तो रुवेल्लो. सापडलेली वस्तू साक्षीदाराने कशावरून ओळखली?

गास्पारे : गाठीवरून. लिही, मी स्वतः मारली, गेल्या हिवाळ्यात, स्वयंपाकघरात बसून. आणि लिही, ही गाठ दुनियेत दोन माणसांना येतो. दुसरा हमादी.

हमादी : माझं नाव कशाला, काका? शाजली म्हणेल, मग याने स्वतःच विणून आणलं असेल.

गास्पारे : खरा आहे ते लिहायचा. तो हा दोरा बघेल. तुमच्याकडे असा दोरा मिळत नाही.

वसीला : लिहिलं, दोऱ्याचंही लिहिलं. ऐका, भावजी, वाचते. "सदर गाठ मी स्वतः मारलेली असून ती मला व तक्रारदारास येते. दोरा माझ्या गावचा आहे." बरोबर?

हमादी : बरोबर.

वसीला : जहाजाचं नाव.

गास्पारे : रोझालिया.

वसीला : जहाजाच्या आजच्या मालकाचं नाव. रोक्को कालामिया. पुढचा रकाना... साक्षीदाराचं मालकाशी नातं.

हमादी : तो कोरा सोडा, वहिनी. शाजली म्हणाला होता, तो भरलाच पाहिजे असं नाही.

वसीला : हो, खाली बारीक अक्षरात तसं छापलंय. सोडते, गास्पारे.

गास्पारे : नको सोडू. कोरा ठेवला तर कोणी वाचेल आणि म्हणेल, हा म्हातारा कोण, याचा रोक्कोवर काय राग?

वसीला : मग काय लिहू?

गास्पारे : बाप. लिही, बाप.